गुडघ्यांचा कायमचा पत्ता

"दोन ओळींचं काम आहे, मामा," असं भाची फोनवर म्हणाली, आणि गुडघेसरांच्या घरातली शांतता त्या दिवशी जी गेली ती गेलीच.

खरं म्हणजे 'दोन ओळींचं काम', 'येता येता होईल', 'नुसती एक सही' आणि 'तुम्ही फक्त उभे राहा, बाकी आम्ही बघतो' यांपैकी एखादं वाक्य कानावर पडलं, की शहाण्या माणसाने चपला पायात सरकवून फिरायला निघून जावं. पण गुडघेसरांच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी निघतच नसे. माझ्याऐवजी परीक्षेला पहारा कराल का? हो. इमारतीच्या सभेचं इतिवृत्त लिहाल का? हो. आमची मांजर चार दिवस सांभाळाल का? हो. ती मांजर अजून त्यांच्याकडेच आहे आणि तिचे मालक दुसऱ्या गावी राहायला गेले आहेत.

गुडघेसर हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते एका तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवत. माणूस जिना चढताना-उतरताना त्याच्या गुडघ्यातून जो कटकट, करकर असा आवाज येतो, तो गुडघ्याला चिकटवलेल्या बारक्या मायक्रोफोनने टिपायचा आणि त्यावरून गुडघा किती झिजलाय हे ओळखायचं, असं त्यांचं संशोधन होतं. त्यासाठी त्यांनी राहत्या इमारतीतल्या आणि कॉलेजातल्या, दोन पाय असलेल्या झाडून सगळ्या माणसांना जिन्यावरून वरखाली पाठवलं होतं. गुडघे दुखायला लागण्याच्या आधी बोलायला लागतात, अशी त्यांची श्रद्धा होती. लोक हसत, पण गुडघे देत.

हे सगळं काम ते कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्यालगतच्या एका आवाजबंद खोलीत बसून करत. चारी भिंतींना काळा फोम, जाड दार, आत शिरलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो अशी खोली. गुडघेसरांचा या खोलीवर जीव होता. घरी बायको होती, मांजर होती, वरच्या मजल्यावर सुतारकाम होतं. कॉलेजात पोरं होती. अख्ख्या जगात कुणी काही विचारत नाही अशी ती एकच जागा होती. आणि नेमकी तीच विभागप्रमुखांना जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला हवी होती.

"इतकी वर्षं तुम्ही तिथे काय ऐकता, ते छापून तरी येऊ द्या," विभागप्रमुख म्हणाले होते. "या महिनाअखेर लेख आला, तर खोलीचं बघू. नाहीतर उत्तरपत्रिका."

गुडघेसरांनी लेख पाठवला होता, आणि नवल म्हणजे तो पसंतही पडला होता. संपादकांची एकच अट होती. ज्या आवाजांवरून तुम्ही निष्कर्ष काढलेत ते सगळे आवाज एका सार्वजनिक संशोधन-भांडारात जमा करा, म्हणजे ते कुणालाही तपासून पाहता येतील. आणि भांडार तुम्हाला जो कायमचा क्रमांक देईल तो आम्हाला महिनाअखेरीपर्यंत कळवा. थोडक्यात, आवाज भांडारात गेले तर लेख छापणार, लेख छापला तर खोली वाचणार. गुडघेसरांना इतका सरळ हिशोब आयुष्यात प्रथमच मिळाला होता.

भांडाराच्या संकेतस्थळावर आवाज एकेक करून चढवायची सोय होती. प्रत्येक गुडघ्यामागे एक लांबलचक अर्ज. पहिला गुडघा चढवता चढवता चहा गार झाला आणि दुसऱ्याच्या वेळी वीज गेली. तेव्हा त्यांनी भाचीला फोन केला होता. भाची प्रोग्रामर.

"अरे मामा, हाताने कशाला करतोस? त्यासाठी लायब्ररी आहे."

लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला तयार कोड, हे तिने समजावून सांगितलं. आपण वरून एकदोन ओळी लिहायच्या. अर्ज भरणं, फायली उचलून भांडारात नेऊन ठेवणं, पावती आणणं, सगळं ती लायब्ररी करते. "दोन ओळींचं काम आहे, मामा."

पहिली ओळ होती लायब्ररी कॉम्प्युटरवर बसवायची. ती बसेना. तिला आधी दुसरी एक लायब्ररी हवी होती. दुसरीला तिसरी हवी होती. तिसरी आली, पण तिचं आणि पहिलीचं पटत नव्हतं. पहिली असेल तिथे मी राहणार नाही, असं तिने लाल अक्षरांत कळवलं. गुडघेसरांना आपल्या लग्नाची बोलणी आठवली.

"मी सांगू?" तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले. ते खरं तर वर्तमानपत्र परत करायला आले होते. "ज्याने ही लायब्ररी लिहिली त्याला सरळ नोटीस द्या."

"अहो, त्याने फुकट दिलीय ती."

"मग तर द्याच. फुकट देणारा माणूस कोर्टात टिकत नाही."

नोटीस न देता, केवळ भाचीच्या शिव्या खाऊन लायब्ररी एकदाची बसली. पण आता ती प्रश्न विचारायला लागली. ती मुळात जीवशास्त्रवाल्यांसाठी लिहिलेली असावी, कारण तिचा पहिला प्रश्न होता, नमुना कोणत्या प्राण्याचा? गुडघेसरांनी 'माणूस' असं लिहिलं. पुढचा प्रश्न, नमुना कुठे सापडला? त्यांनी 'जिन्यात' लिहिलं. हे उत्तर लायब्ररीला पसंत पडलं नाही. तिला समुद्रसपाटीपासूनची उंची हवी होती. तळमजल्यावरच्या आणि चौथ्या मजल्यावरच्या गुडघ्यांची उंची वेगळी धरायची का, या शंकेने गुडघेसर अर्धा दिवस बेचैन होते. शेवटी ते टेप घेऊन जिना मोजायला बाहेर पडले, आणि इमारतीचे सेक्रेटरी धावत आले, कारण परवानगीशिवाय जिना मोजणं नियमात बसत नाही.

त्यानंतरचा प्रश्न असा, की नमुना सध्या कुठे जतन करून ठेवला आहे?

"लिहा ना," बायको आतून म्हणाली, "मालकाकडेच आहे म्हणून. वापर चालू आहे."

गुडघेसरांची बायको विमा कंपनीत दावे तपासण्याचं काम करत असे. दिवसभर लोकांच्या अपघातांच्या कहाण्या वाचून तिला माणूस खरं सांगतोय की पाय ओढत चालायचं नाटक करतोय, हे लांबूनच कळायचं. जिन्यावरून कोण कसा उतरतो, याचा तिचा अभ्यास नवऱ्याच्या संशोधनापेक्षा जुना होता. तो कुणी छापला नव्हता, इतकंच.

मग आली संमती. ज्याचा गुडघा आहे त्याची परवानगी असल्याशिवाय भांडार काही स्वीकारत नाही. गुडघेसरांनी सगळ्यांना सांगितलं, घाबरू नका, नावं जाणार नाहीत, फक्त क्रमांक जातील. यावर लोक बिनघोर होतील असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच.

"नाव नाही?" सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे जगभर माझा गुडघा जाणार आणि माझं नावच नाही?"

"अहो, खासगी बाब असते ती..."

"माझं खासगी असं काहीच नाही. नाव घाला. आणि कंसात सेक्रेटरी."

एकाने नाव घातलं म्हटल्यावर बाकीचे कसे मागे राहतील? प्रत्येकाला नाव हवं झालं, आणि ज्यांच्याकडे हुद्दा होता त्यांना हुद्दाही. कॉलेजात विभागप्रमुखांनी तर नावामागे पदव्या कोणत्या क्रमाने याव्यात हेही लिहून दिलं. वकिलांनी उजव्या गुडघ्याची संमती दिली आणि डाव्याची राखून ठेवली. डावा गुडघा पुढेमागे पुरावा म्हणून लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची मनधरणी करताना गुडघेसरांच्या तीन संध्याकाळी गेल्या. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्स, वेगळ्याच पेचात होत्या. त्यांचा उजवा गुडघा शस्त्रक्रिया करून बदललेला होता.

"हा माझा नाहीच हो सर, हा धातूचा. याची संमती मी कशी देऊ?"

"सिस्टर, बिल तुम्हीच भरलंय ना? मग तुमचाच," असा निवाडा बायकोने दिला.

एवढं सगळं झाल्यावर भाची म्हणाली, आता थेट खऱ्या भांडारात जाऊ नकोस मामा. तिथे एकदा ठेवलेलं काढता येत नाही. त्यांचं एक सरावाचं भांडार असतं, दिसायला हुबेहूब तसंच. दर आठवड्याला ते पुसून टाकतात. आधी तिथे एकदा सगळं करून बघ.

गुडघेसर सरावाला बसले. आता लायब्ररीला प्रत्येक आवाजाचं वर्णन हवं होतं. त्यांनी लिहिलं, 'गुडघा, डावा.' लायब्ररीने कळवलं, वर्णन फार त्रोटक आहे. त्यांनी लिहिलं, 'माणसाचा गुडघा, डावा.' तेही त्रोटक.

"सरावालाच आहे ना? मग काहीही लिही," भाची म्हणाली. "तिथे कोण वाचतंय?"

ही शनिवार दुपारची गोष्ट. बायको शेजारी शेंगा निवडत बसली होती. गुडघेसर एकेक आवाज वाजवत होते आणि सुचत नव्हतं म्हणून नुसतेच बोटं मोडत होते.

"हा वरच्या वकिलांचा ना?" बायकोने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"लिहा. जुन्या दाराची बिजागरी. मालक म्हणतात काही होत नाही, पण दुसऱ्या मजल्यावर मोबाइल काढून उभे राहतात. मोबाइल उलटा धरलेला असतो."

गुडघेसर हसले आणि लिहिलं. लायब्ररीने वर्णन लगेच मान्य केलं. मग काय, गाडी सुटलीच. सेक्रेटरींचा गुडघा वाजला. "हा गुडघा आहे की ते बोलतायत? लिहा, मालक मध्ये बोलायचे थांबत नसल्याने आवाज वेगळा काढता आला नाही. बोलण्याचा विषय पाण्याची टाकी." सिस्टरचा धातूचा गुडघा लागला. काहीच ऐकू आलं नाही. "लिहा, अगदी गप्प. इमारतीत सगळ्यात कमी बोलणारी वस्तू." मग विभागप्रमुखांचे दोन्ही लागले.

बायकोने शेंग हातातच ठेवून नीट ऐकलं. गेल्या वर्षी कॉलेजच्या कार्यक्रमात ती त्यांना अगदी जवळून पाहून आली होती.

"लिहा. रिकाम्या डब्यात खडे. खुर्चीतून उठताना टेबल धरतात आणि मग टेबल हलतंय का ते तपासल्यासारखं करतात."

"अगं, ते माझे साहेब आहेत."

"सरावालाच आहे ना?"

सरावालाच होतं. वर्णन कुणी केलं हाही रकाना लायब्ररीने सोडला नव्हता. तिथे गुडघेसरांनी इमानेइतबारे बायकोचं नाव घातलं. दोघं इतकी हसली, की मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेली. कितीतरी दिवसांनी घर असं हसत होतं.

राहता राहिली एक कटकट. ही लायब्ररी अतिशय सावध होती. प्रत्येक फाइल उचलण्याआधी ती विचारायची, खात्री आहे? 'हो' दाबलं की पुन्हा विचारायची, नक्की? गुडघेसरांचं बोट दुखायला लागलं. त्यांनी भाचीला फोन लावला.

"अरे, एक ओळ वाढव की. मग ती काहीही विचारू दे, तुझ्या वतीने तीच हो म्हणत राहील."

गुडघेसरांना ही सोय मनापासून आवडली. जे काम त्यांनी जन्मभर स्वतःच्या तोंडाने केलं होतं, ते आता परस्पर होणार होतं. त्यांनी ती ओळ घातली, बटण दाबलं, आणि चहा टाकायला आत गेले. चहा घेऊन येतात तो पडद्यावर सुंदर हिरव्या अक्षरांत आलं होतं: सर्व नमुने जमा झाले. खाली एक लांबलचक क्रमांक.

"झाला बाई सराव," गुडघेसर म्हणाले. "आता उद्या नीट, शास्त्रीय वर्णनं लिहितो आणि खरं करून टाकतो."

त्यांनी कप तोंडाला लावला आणि मोबाइल वाजला. भांडाराकडून पत्र होतं. 'अभिनंदन! आपला गुडघा प्रकाशित झाला आहे.' गुडघेसरांनी स्वतःचाही गुडघा दिला होता, म्हणून हे पत्र त्यांनाही आलं होतं. सरावात पत्रंसुद्धा येतात, कमाल आहे, असं ते म्हणत आहेत तोच तिसऱ्या मजल्यावरचं दार धाडकन उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ चौथ्या मजल्यावरचं. मग समोरचं.

गुडघेसर पुन्हा पडद्याकडे वळले. हिरव्या अक्षरांच्या बऱ्याच वर, कुणी पाहिलं नाही म्हणून वाहून गेलेला एक संवाद होता.

सरावाचे भांडार दुरुस्तीसाठी बंद आहे. खऱ्या भांडारात जमा करू का? हो.

एकदा जमा केलेले काढता येणार नाही. खात्री आहे? हो.

नक्की? हो.

सर्व सहभागी व्यक्तींना वर्णनासह कळवू का? हो.

गुडघेसर खुर्चीत बसले. म्हणजे खरं तर खुर्ची होती तिथे होती म्हणून बरं. बायकोने पडदा वाचला, हातातली शेंग टोपलीत टाकली आणि दाराला आतून कडी घातली. भाचीला फोन लागला. तिकडून आधी तिचं हसणं ऐकू आलं, मग तिने ते आवरलं.

"मामा, आता ते कायमचं आहे रे."

"कायमचं म्हणजे?"

"म्हणजे तू, मी, आपण सगळे जाऊ, पण वकीलकाकांचा गुडघा तिथेच राहील."

दारावर थाप पडली. कडी काढली तर वकील होते. ते तिसऱ्या मजल्यावरून तणतणत पहिल्यावर उतरले होते, त्यामुळे त्यांना आधी दम घ्यावा लागला. तेवढ्या वेळात सेक्रेटरी पोचले, समोरचे आले, आणि वकिलांची बायकोही मागून शांतपणे उतरून आली.

"बदनामी," वकील म्हणाले. "निव्वळ बदनामी. मी मोबाइल उलटा धरतो?"

"धरता," त्यांची बायको म्हणाली.

वकिलांनी मागे वळून पाहिलं.

"दिवाळं निघाल्यासारखं तोंड करू नका. गेलं वर्षभर सांगतेय, डॉक्टरला दाखवा. माझं ऐकलंत? आता जगाने लिहिलंय, आता तरी दाखवा." आणि मग गुडघेसरांच्या बायकोला तिने अगदी हळू आवाजात सांगितलं, "बरं केलंत हो. मी एकटी बोलत होते इतके दिवस."

 वकील जिन्याच्या कठड्याला धरून वर गेले, आणि या वेळी दुसऱ्या मजल्यावर थांबताना त्यांनी मोबाइल काढला नाही. ते पाहून गुडघेसरांना एकाएकी फार वाईट वाटलं. थट्टा म्हणून लिहिलेल्या ओळीत माणसाचं दुखणं तसंच्या तसं होतं, आणि त्यांनी मात्र आजवर त्यातला फक्त आवाज मोजला होता.

रात्री त्यांनी भांडाराच्या मदतकक्षाला पत्र लिहिलं. माफी मागितली, गयावया केली. रविवारी सकाळी उत्तर आलं. काढून टाकता येत नाही. मात्र सुधारित आवृत्ती वर ठेवता येईल, जुनी तिच्या पत्त्यावर राहील. त्याच सकाळी दुसरंही पत्र आलं. भांडाराने परस्पर कळवलेला क्रमांक संपादकांना मिळाला होता, आवाज नीट वाजले होते, लेख पुढच्या अंकात होता. इतकी वर्षं ज्या पत्राची वाट पाहिली ते हातात आलं होतं आणि गुडघेसरांना आनंद करता येत नव्हता. कारण लेख आला तर खोलीचं 'बघणार' होते विभागप्रमुख. रिकाम्या डब्यात खडेवाले.

ते तातडीने सुधारित आवृत्ती करायला बसले. वकील: घर्षणध्वनी, मध्यम. सेक्रेटरी: घर्षणध्वनी, सौम्य. लोकांना दिलासा मिळावा म्हणून ही नवी वर्णनं त्यांनी आधी जिन्यातल्या फलकावर लावली. अर्ध्या तासात सेक्रेटरी हजर.

"सौम्य? माझा आवाज सौम्य?"

"अहो, गुडघ्याचा."

"ते काही नाही. आधीचं होतं तेच ठेवा. त्यात पाण्याच्या टाकीचा प्रश्न होता. इतकी वर्षं मी तो मांडतोय, पहिल्यांदा कुठेतरी नोंद झाली."

समोरच्यांचंही तेच म्हणणं पडलं. 'मध्यम' काय कुणीही असतो. आमचं आपलं आधीचं छान होतं, मुलीला पाठवलं तर ती म्हणाली अगदी बाबाच. सिस्टर तर कागदावर उतरवून घेऊन गेल्या. इमारतीत सगळ्यात कमी बोलणारी वस्तू आपल्याकडे आहे, हे त्यांनी दुधवाल्यालाही सांगितलं. शेवटी असं ठरलं, की वर शास्त्रीय शब्द आणि खाली बायकोचं वर्णन, दोन्ही राहावं. वकिलांनी चिठ्ठी पाठवली: 'हरकत नाही. मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.'

फक्त कॉलेजातून काही कळलं नव्हतं. रविवार गेला. सोमवारी सकाळी शिपाई निरोप घेऊन आला की विभागप्रमुखांनी वर बोलावलंय.

विभागप्रमुखांची केबिन दुसऱ्या मजल्यावर होती. गुडघेसर जिना चढताना माफीची वाक्यं मनात जुळवत होते, आणि प्रत्येक पायरीवर त्यातलं एकेक गळत होतं. खोली गेली हे ते धरूनच चालले होते. आत शिरताच त्यांनी पाहिलं, टेबलावर एक छापलेला कागद होता. विभागप्रमुखांनी तो उचलला आणि संथपणे, शब्द न् शब्द वाचून दाखवला. खडे, डबा, खुर्ची, टेबल.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"सर," गुडघेसर म्हणाले, "आता तसं म्हटलं तर... सगळ्या जगाला."

विभागप्रमुखांनी कागद टेबलावर ठेवला. खाली पोरांचा गलका चालू होता.

"इतका येतो आवाज?" विभागप्रमुखांनी विचारलं. ते आता साहेबांसारखं बोलत नव्हते.

"ऐकायचाय का सर?"

ते दोघं खाली निघाले. विभागप्रमुख जिना आडवे होऊन, एकेक पाऊल दोनदा टेकवत उतरत होते. वाटेत भेटलेल्या विद्यार्थ्यांनी नमस्कार केला तेव्हा ते थांबून नोटीसबोर्ड वाचू लागले. गुडघेसरांनीही शेजारी उभं राहून तो वाचला. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांनी सावकाश वाचला.

आवाजबंद खोलीचं जाड दार लागलं तसा बाहेरचा गलका पुसला गेला. गुडघेसरांनी साहेबांना आपल्या खुर्चीवर बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि आवाज सुरू केला. विभागप्रमुखांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले.

"हा माझा?"

"डावा, सर."

"आणि हा?"

"उजवा. तोही तुमचाच."

विभागप्रमुखांनी हात मांडीवर ठेवले आणि ते आपल्याच पायांकडे, कुणी परका शेजारी येऊन बसल्यासारखं पाहत राहिले. मग गुडघेसरांनी, काय मनात आलं कोण जाणे, न विचारताच पुढची फाइल लावली.

"हे काय, बंद पडलं का?"

"नाही सर. हा चालू आहे. आमच्या सिस्टरचा. चार मजले चढताना घेतलाय."

"काहीच ऐकू येत नाही."

"दुरुस्त केलेला आहे, सर."

विभागप्रमुख तो गप्प गुडघा पुष्कळ वेळ ऐकत बसले. फाइल संपली तेव्हा त्यांनी बोटाने, पुन्हा लावा, अशी खूण केली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर हेडफोन काढला.

"फार दुखतं का हो हे करताना?"

"सिस्टरना विचारतो. त्या सगळं सांगतील. त्यांना सांगायला आवडतं."

"मला भीती वाटते," विभागप्रमुख म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि त्या खोलीत ते फार स्पष्ट ऐकू आलं.

"मी येईन बरोबर," गुडघेसर म्हणाले. "डॉक्टरकडे. म्हणजे तुम्हाला चालणार असेल तर."

विभागप्रमुखांनी मान हलवली. मग त्यांनी चारी बाजूंच्या फोमकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि त्यांचा नेहमीचा, हुकूम सोडणारा आवाज थोडासा परत आला.

"त्या उत्तरपत्रिका वर माझ्या केबिनमध्ये टाकायला सांगा. मी खाली येतो. ही शेजारची खोली रिकामीच आहे ना? मला आता दोन मजले झेपत नाहीत, हे जगाला कळलंच आहे, तर लपवू कशाला?"

"आणि ही खोली, सर?"

"ही कुठे जातेय? मला परत ऐकायचं आहे ना. नवा बसवल्यावर. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही जमा करा." ते दारापाशी गेले, थांबले. "फक्त एक करा. वर्णन तुम्ही लिहू नका. वहिनींनाच लिहू द्या. त्यांना खरं दिसतं."

ते बाहेर पडले. गुडघेसरांनी लगेच बायकोला फोन लावला आणि घडलं ते सगळं, धाप लागेपर्यंत सांगून टाकलं.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "नवा गुडघा बसला की पहिल्यांदा जिना उतरताना मला बोलवायला सांगा त्यांना. लांबून नाही बघणार मी. हात धरायला येईन."